आधी ढीग, मग वाट्या: लहान मुलांना वर्गीकरण कसं शिकवावं

आधी ढीग कसा जमवायचा ते सांगते, कारण निम्मं काम तिथंच होतं. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत बालवाडी चालवते. अडीच वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची पोरं माझ्याकडं येतात. त्यांचे आईबाप नेहमी विचारतात, "बाई, रंग नि आकार शिकवायला कुठला सेट घेऊ?" मी म्हणते, सेट राहू दे, घरातला बटणांचा डबा काढा. तसला डबा घरात नसेल तर ओळखीच्या शिंप्याकडं जा आणि उरलीसुरली बटणं मागा. मूठभर सहज मिळतील.

दुकानातल्या सेटमधले प्लास्टिकचे अस्वल किंवा ठोकळे बहुतेक एकाच बाबतीत वेगळे असतात. तांबडा अस्वल, निळा अस्वल, पिवळा अस्वल, आणि बाकी सगळं सारखं. पोरानं ते रंगानं लावले की खेळ संपला. बटणांचं तसं नाही. एक बटण पांढरं असतं, मोठं असतं, त्याला चार भोकं असतात आणि ते कोटाचं असतं. दुसरं पांढरंच, पण बारीक, दोन भोकांचं, शर्टाचं. तिसरं पितळी, त्याला भोकच नाही, मागं नुसती कडी. एकच बटण आज रंगानं एका वाटीत बसतं, उद्या भोकांनी दुसऱ्या वाटीत, परवा आकारानं तिसरीत. वर्गीकरणाचा सगळा जीव ह्याच फिरण्यात आहे. म्हणून ढिगाला माझा एकच निकष असतो: तो किमान तीन तऱ्हांनी वेगळा करता आला पाहिजे.

बटणांशिवाय माझ्याकडं बाटल्यांची झाकणं आहेत, जुन्या बांगड्या आहेत (प्लास्टिकच्या आणि लाखेच्या, काचेच्या नाहीत), लाकडी-स्टीलचे चमचे, शंख-शिंपले, चिंचोके, करंजाच्या आणि सीताफळाच्या बिया, कापडाचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे. एका वेळी एकच ढीग बाहेर काढायचा आणि तोही बेताचा. पोराच्या दोन ओंजळीत मावेल एवढा पुरे. डबाच्या डबा उपडा केला तर पोरं नुसती उधळण करतात. मजा येते त्यांना, पण डोळा कशावर ठरत नाही.

आता एक गोष्ट पोरं ढिगाजवळ यायच्या आधी करायची. घरातल्या बटणांच्या डब्यात घड्याळाचे आणि रिमोटचे चपटे सेल हमखास पडलेले असतात. ते एक-एक करून शोधून काढा. असा सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेत अडकून काही तासांत आतून भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. बारीक लोहचुंबकही तसेच धोक्याचे. तीन वर्षांखालच्या पोरासाठी बटणं, बिया, कडधान्यं ह्यातलं काहीच नको. सव्वा ते दीड इंच रुंदीच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती ह्या वयात घशात अडकू शकते. त्यांना चमचे, मोठ्या बांगड्या, वाट्या, मोजे, चिमटे द्या. मोठ्या पोरांनाही हरभरे-वाटाणे देताना कुणीतरी समोर बसलेलं असावं. नाकात गेलेला हरभरा ओल धरून फुगतो आणि मग काढताना सगळ्यांचीच पळापळ होते.

सुरुवात जोड्यांनी

अडीच-तीन वर्षांच्या पोराला गट करायला सांगू नका. त्याला जोडी लावू द्या. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात मोजे असतात, त्यातला एक हातात धरायचा आणि विचारायचं, "ह्याचा भाऊ कुठं हाय?" बस्स. आमच्या दारात पोरांच्या चपलांचा रोज ढीग होतो. सुटायच्या वेळेला मी दोन पोरांना तो लावायला सांगते. कुणाचं पादत्राण कुठलं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पट्टा, सोल, झिजलेली टाच, सगळं ती बघून ठेवतात. शिवाय कोल्हापुरी पायताण नवं असताना डावं-उजवं जवळजवळ सारखंच दिसतं, तेव्हा ते पायात घालून बघावं लागतं. डोळ्यांनी भागेना तर पायानं ओळखायचं, हेही शिकणंच.

जोड्या जमायला लागल्या की दोन ताटल्या मांडा. इथं माझी पद्धत बोलण्याची कमी आणि हाताची जास्त आहे. मी एक लाकडी चमचा डावीकडं ठेवते, एक स्टीलचा उजवीकडं. परत एक लाकडी डावीकडं. मग पुढचा चमचा पोराच्या हातात देते आणि गप्प बसते. "हा लाकडाचा, हा लाकडाच्या ताटलीत ठेव" असं सांगितलं की पोर माझा हुकूम पाळतं, स्वतः काही बघत नाही. मी गप्प बसले की त्याला दोन्ही ताटल्यांकडं बघावंच लागतं. तो चमचा हातात घेऊन पोर थांबतं, इकडं बघतं, तिकडं बघतं. तेवढ्या वेळात मध्ये बोलू नका. आयांना हे फार जड जातं, त्यांचा हात आपोआप पुढं होतो.

रंगांची नावं ही वेगळी भानगड आहे. तांबडं आणि हिरवं वेगळं ठेवता येणं आधी येतं, त्याला तांबडं-हिरवं म्हणता येणं नंतर. पोरगं रंग बरोबर लावत असेल आणि नाव मात्र चुकत असेल, तर त्याला रंग कळतोय, शब्द बसायचाय एवढंच. शब्द बसवायची एक जुनी आणि नेमकी रीत आहे. एदुआर सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांची ती, एकोणिसाव्या शतकातली, मारिया माँटेसरींनी ती पुढं आपल्या शाळांतून वापरली. तिच्यात तीन पायऱ्या असतात. पहिल्यांदा आपण सांगायचं: हे तांबडं, हे निळं. मग विचारायचं: तांबडं कुठलं, दाखव बघू. अगदी शेवटी बोट ठेवून: हे कुठलं? बहुतेक घरी तिसरा प्रश्नच पहिला विचारला जातो, तोही पाहुण्यांच्या समोर. दुसऱ्या पायरीवर भरपूर रेंगाळा. तांबडं उचल, तांबडं माझ्या हातात दे, तांबडं खिडकीत ठेवून ये. पोर पळत राहतं आणि शब्द कानात मुरतो. तिसऱ्या पायरीवर अडखळलं तर चूक न दाखवता पहिलीवर परत यायचं. एका वेळी दोन, फार तर तीन रंग.

माँटेसरीबाई 1939 साली भारतात आल्या आणि युद्धामुळं बरीच वर्षं इथं राहिल्या. त्यांचं साहित्य सुरेख, पण महाग. ते खेड्यातल्या पोरांपर्यंत न्यायचं काम आपल्याकडं ताराबाई मोडकांनी केलं. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं तेव्हा बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हेच साहित्य झालं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माझा बटणांचा डबा त्याच घराण्यातला आहे असं मी मानते.

पोरानं भलतंच लावलं तर

एक चार वर्षांची पोरगी बटणं, बांगड्या आणि झाकणं घेऊन बसली होती. मी ढीग देताना म्हटलं होतं, "सारखे सारखे एकत्र ठेव." थोड्या वेळानं बघते तर तिनं एक मोठी बांगडी मध्ये ठेवलेली, तिच्यात एक मोठं काळं बटण, त्याला चिकटून एक बारीक पांढरं, आणि बांगडीबाहेर चार झाकणांची रांग.

"काय लावलीस गं?"

"घर हाय की ओ. ही आई, ही बारकी. आणि हे पाव्हणे आलेत."

"पाव्हणे भाईर का?"

"चपला काढालेत."

ह्यात चुकलं कुठं? ह्या वयात पोर सारखेपणापेक्षा नातं आधी धरतं. बटण बांगडीत बसलं कारण आई घरात असते. जिनिव्हात ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर ह्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना आकारांचे तुकडे देऊन असंच निरखलं होतं, आणि साधारण पाच वर्षांखालच्या मुलांची मांडणी अशीच निघाली: गट करायला सांगितला की ती रांग करतात, चित्र करतात, घर करतात. सुरुवात सारखेपणानं होते आणि मधेच गोष्टीत शिरते. पुढची पायरी ह्यातूनच येते, मोडून येत नाही. त्या पोरीचं घर मी तसंच राहू दिलं. मग विचारलं, "सगळे पाव्हणे झाकणंच कशी काय?" ती विचारात पडली आणि म्हणाली, "त्यांच्याकडं भोकं नाहीत." तिनं स्वतःचा एक नियम सांगितला होता. मी फक्त बाळाच्या दुधाच्या बाटलीचं, मध्ये भोक असलेलं एक झाकण तिच्या पुढं सरकवलं आणि विचारलं, "मग हा कोण?"

म्हणून भलतं लावलेलं दिसलं की आधी पोराचा नियम शोधा. तो नियम बहुतेक वेळा असतो. एक पोरगं तांबड्या वाटीत पिवळं झाकण टाकत होतं, विचारल्यावर म्हणालं, "हे पण तेलाच्या बाटलीचं हाय." त्यानं रंग कधीच सोडला होता, कुठल्या बाटलीचं झाकण कुठलं ह्यावर तो गेला होता. स्वयंपाकघरात आईच्या मागं मागं फिरणारं पोर, त्याला ते माहीत असणारच.

"का?" कसं विचारायचं

"असं का केलंस?" हा प्रश्न आपल्या घरांतून फक्त खरडपट्टी काढताना विचारला जातो. पोर लगेच हात मागं घेतं. मी विचारते, "हे सगळे एका घरात कसे काय बसले?" किंवा, "ह्यांच्यात काय सारखं हाय?" प्रश्न वस्तूंवर ठेवा, पोरावर नको. बोलणारं पोर असेल तर नियम त्याच्या तोंडून येतो. न बोलणारं असेल तर मी मुद्दाम एक भलती वस्तू त्या वाटीत टाकते. ते ती उचलून बाहेर काढतं, आणि काढतानाच कधीकधी शब्द फुटतो: "हे नको, हे खरबरीत."

ह्याच्याच जोडीला "माझं घर ओळखा" हा खेळ. फरशीवर सुतळीचं रिंगण करायचं. मी काही न सांगता वस्तू आत किंवा बाहेर ठेवत जाते. चमचा आत, बटण बाहेर, चिमटा आत, शिंपला बाहेर, भोवरा आत. पोरांनी पुढची वस्तू कुठं जाईल ते सांगायचं, नियम शेवटी सांगायचा. पहिलाच जो ओरडतो तो बहुतेक चुकतो आणि त्याचं काही बिघडत नाही, कारण पुढची वस्तू त्याचं उत्तर तपासून देते. लाकडाच्या वस्तू आत होत्या हे कळलं की रिंगण पोरांच्या ताब्यात द्यायचं. आता नियम त्यांचा आणि ओळखायचं मी. पाच वर्षांची पोरं असे काही नियम काढतात की मला खरंच वेळ लागतो. "आमच्या आज्जीकडं हाय ते आत" असा नियम एकदा निघाला होता. ह्या खेळातून आणखी एक गोष्ट आपसूक येते. रिंगणाबाहेर जे पडलं त्याचाही एक गट असतो, "नसलेल्यांचा". भोकं असलेली आणि भोकं नसलेली. पुढं गणितात ह्याचा फार उपयोग होतो.

मोडायचं आणि परत लावायचं

ह्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. पोरानं बटणं रंगानं लावली की शाबासकी द्या, थोडा वेळ बघू द्या, आणि मग सगळी परत एकत्र करा. "आता दुसऱ्या तऱ्हेनं."

तीन वर्षांच्या पोराला हे जवळजवळ जमत नाही, आणि त्याचं कारण हट्ट नसतो. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो ह्यांनी टोरांटोत असताना पत्त्यांचा एक खेळ वापरून हे तपासलं. पत्त्यांवर ससे आणि होड्या, दोन रंगांत. आधी रंगानं लावायचे, मग म्हणायचं की आता आकारानं. तीन वर्षांची मुलं नवा नियम तोंडानं बरोबर सांगतात, ससे कुठं जातात विचारलं तर बोट दाखवतात, आणि पत्ता हातात आला की परत रंगानंच टाकतात. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं सहज बदलतात. एक नियम मागं ठेवून दुसरा पुढं आणण्याची ताकद मेंदूत ह्याच दोन वर्षांत वाढत असते. तेव्हा साडेतीन वर्षांच्या पोराला "ऐकत नाहीस तू" म्हणू नका.

मदत मात्र करता येते. मी नियम बदलताना वाट्याही बदलते. रंगाला स्टीलच्या वाट्या, भोकांना कागदी द्रोण. बसायची जागाही बदलते, चटईवरून उठून ओसरीत. आणि प्रत्येक बटण ठेवायच्या आधी पोराला ते नव्या नियमानं बोलायला लावते. "दोन भोकं" म्हण आणि ठेव. "चार भोकं" म्हण आणि ठेव. तोंडानं "तांबडं" म्हणायची संधीच मिळाली नाही की हात त्या वाटेला कमी जातो. चारेक वर्षांच्या पोरांना एवढ्यावर चांगलं जमतं. पाच वर्षांची पोरं मग आपण न सांगताच विचारतात, "बाई, अजून एक तऱ्हा हाय काय?" तेव्हा मी सांगत नाही. बटणं त्यांच्या हातात देते आणि डोळे मिटायला लावते. जड-हलकं, गुळगुळीत-खरबरीत, थंड लागणारं आणि न लागणारं. पितळी बटण गालाला लावल्यावर गार लागतं हे कळलेलं पोर मग घरभर वस्तू गालाला लावत फिरतं.

आमच्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात. पेठांत फुटबॉलचा मोसम सुरू झाला की ह्याची वेगळी शिकवणीच लागत नाही. चार वर्षांचं पोरगं नुसती जर्सी बघून कुठल्या तालमीचा संघ ते सांगतं. मी त्याच पोरांना वर्तमानपत्रातले सामन्यांचे फोटो कापायला देते आणि एकदा तालमीनं, एकदा गोलकीपर-बिनगोलकीपर, एकदा पळणारे आणि उभे असे लावायला सांगते. एरवी दोन मिनिटं न बसणारी पोरं ह्यात गढून जातात. तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड, कारण पाय फोटोत कापले गेले की वाद होतो. वाद व्हायलाच हवा.

मंडईची पिशवी

घरी करायला ह्याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. कपिलतीर्थ मंडईतून आला की पिशवी ओट्यावर रिकामी करू नका, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर करा. मेथी, पोकळा, शेपू, वांगी, दोडका, गवारी, वरणा, बटाटा, रताळं, मुळा, टोमॅटो. मिरची मात्र आधीच बाजूला काढा, पोराचे हात डोळ्यांना जातात. आणि एक बुट्टी (टोपली) द्या, किंवा दोन.

पोरं सुरुवातीला हिरवं आणि बाकीचं असं करतात. ठीक. मग विचारायचं, ह्यातलं आपण काय खातो? पान खातो, शेंग खातो, फळ खातो, की मातीतलं खातो? पालेभाजी, शेंगभाजी, फळभाजी हे शब्द आजीच्या तोंडून त्यांनी ऐकलेले असतात, आता त्यांना त्या शब्दांची कामं कळतात. मातीतल्यांत बटाटा आणि रताळं शेजारी बसतात. बटाटा म्हणजे झाडाचं खोड आणि रताळं म्हणजे मूळ. सहा वर्षांच्या पोराला बटाट्याचे डोळे दाखवायचे, ते खोडावरचे कोंब आहेत, तिथूनच नवीन झाड फुटतं. एखादा कोंब आलेला बटाटा मुद्दाम ठेवून द्या.

आणि मुळा. पाल्यासकट आणा. बालवाडीत मी तो मध्ये ठेवला तेव्हा दोन्हीकडून ओढाओढी झाली. पाल्याची भाजी होते, म्हणून एक गट म्हणाला पालेभाजी. पांढरा मुळा मातीतनं उपटतात, म्हणून दुसरा गट म्हणाला मातीतला. शेवटी एका पोरानं निकाल दिला, "कापा की ओ त्येला." मी कापला, पाला इकडं गेला, मुळा तिकडं गेला. दुसऱ्या दिवशी एक पोरगी शेवग्याची शेंग घेऊन आली, कारण त्याचाही पाला खातात हे तिला रात्री घरी आठवलं होतं. दोन्हीकडं बसणाऱ्या आणि कुठंच न बसणाऱ्या वस्तू पिशवीतून काढून टाकू नका. मोठ्या पोरांसाठी तर सुतळीची दोन रिंगणं एकमेकांवर चढवा. एका रिंगणात पाला खातो ते, दुसऱ्यात मातीतलं खातो ते, आणि मधल्या सामाईक जागेत न कापलेला मुळा.

पानांचंही असंच होतं. टाऊन हॉलच्या बागेत जुनी झाडं पुष्कळ आहेत, पडलेली पानं गोळा करायची. कडा, जाडी, वास, एक पान की एका देठावर पुष्कळ पानं. कडुनिंब आणि चिंच शेजारी जातात, आंबा आणि पेरू शेजारी जातात. मग पेरूचं पान चुरगाळून वास घ्यायचा आणि परत मोडायचं. वासाचं म्हणाल तर लवंग, वेलदोडा, दालचिनी, जिरे ह्यांच्या पुरचुंड्या फडक्यात बांधून, दोन-दोन सारख्या, जोड्या लावायला द्या. तोंडात घालायच्या नाहीत एवढं बजावायचं.

लहान-मोठ्याची उतरंड लावणं हा ह्याचाच भाऊ आहे. एकात एक बसणारे डबे असतील तर ते द्या. जुन्या घरांतून धान्य मोजायचं चिपटं, मापटं, शेर असतात, ते तर सोन्यासारखे.

माणसांचे ढीग करू नका

काही ठिकाणी वर्गीकरण शिकवताना पोरांचेच गट करतात. मुलगे इकडं, मुली तिकडं. गोरे-सावळे, उंच-बुटके. डब्यात काय आणलंय त्यावरून सुद्धा. मी हे करत नाही आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. डबा उघडला की कुणाच्या घरी काय शिजतं, काय शिजत नाही, हे सगळ्यांना दिसतं, आणि त्यावरून गट पाडला की ते पोराच्या मनात राहतं. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे ह्यांच्या हॉटेलात जाऊन शाहू महाराज ज्या गावात उघडपणे चहा प्यायले, त्या गावात तरी बालवाडीत असले ढीग नकोत. पोरांचेच गट करायचे असतील तर ज्या गोष्टी त्यांनी स्वतः निवडल्यात त्यावरून करा. आज झोपाळ्यावर कोण बसणार, घसरगुंडीवर कोण. आणि पाच मिनिटांनी ते बदलता आलं पाहिजे.

"गटात न बसणारा ओळखा" छापाच्या छापील कागदांबद्दल दोनच वाक्यं. त्यात उत्तर एकच असतं आणि ते कागद छापणाऱ्याच्या डोक्यातलं असतं. सहा वर्षांनंतर द्या, आणि पोरानं वेगळ्या चित्रावर गोल केला तर कारण ऐकून मग काय ते ठरवा.

रंग सारखे चुकतात, विशेषतः तांबडा आणि हिरवा, आणि आकार, भोकं, जाडी मात्र कधी चुकत नाही, असं काही महिने दिसत राहिलं तर रंगांधळेपणा आहे का हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलग्याकडं ते गुणसूत्र एकच असतं म्हणून मुलग्यांत हा जास्त दिसतो, आणि आईच्या वडिलांना असेल तर नातवात येऊ शकतो. शिनोबु इशिहारा ह्या जपानी डॉक्टरांनी 1917 साली काढलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी तो तपासतात, आणि अंक न येणाऱ्या पोरांसाठी चित्रांचे तक्तेही असतात. कळलं की झालं. त्या पोराला भोकांनी, आकारानं, स्पर्शानं लावू द्या, ते कुठंच मागं पडत नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमाराला एक प्रश्न गमतीनं विचारून बघा. जमिनीवर सहा वांगी आणि दोन दोडके ठेवा. "हे सगळं काय आहे?" भाज्या. "मग वांगी जास्त की भाज्या जास्त?" पोर ठासून सांगतं, वांगी. त्याला वांग्यांची तुलना दोडक्यांशी करता येते. वांगी ही स्वतः भाज्यांतही मोजायची, हे एकाच वेळी दोन्हीकडं धरून ठेवणं त्याला अजून जमत नाही. पियाजेंनी हाच प्रश्न लाकडी मण्यांवर विचारला होता, आणि बहुतेक मुलांना ते सात-आठ वर्षांच्या आसपास जमतं. समजावून सांगत बसू नका. त्याऐवजी मोठ्या परातीत दोन वाट्या ठेवा, एकीत वांगी, एकीत दोडके, आणि पोरालाच सांगा: "मला वांगी दे." मग, "मला भाज्या दे." दुसऱ्या वेळेला आख्खी परात उचलावी लागते, हे हातांना आधी कळतं.

आवरणं पोरांकडंच द्या. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतल्या वस्तूचा एक नमुना चिकटवायचा, बटण, शिंपला, चिंचोका. चिठ्ठी नको, वाचता येत नाही. डबे हाताला येतील अशा फळीवर ठेवा. एखाद्यानं शिंपले चिंचोक्यांच्या डब्यात टाकले तर त्या दिवशी तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी तो डबा दुसऱ्या पोरानं उघडायचा आणि ह्यात काय झालंय ते त्यानंच सांगायचं.